उरलेल्या काड्यांचे गणित

विभाज्यतेच्या कसोट्या हा शाळेच्या गणितातला सोपा धडा समजला जातो. फळ्यावर तक्ता येतो: २ साठी शेवटचा अंक सम, ५ साठी ० किंवा ५, १० साठी ०, ३ साठी अंकांची बेरीज, ४ साठी शेवटचे दोन अंक, ९ साठी पुन्हा बेरीज. मुले तो वहीत उतरवतात, भोवती चौकट आखतात आणि दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवतात. दोन तासिकांत काम आटोपते आणि वर्ग मसावि-लसाविकडे वळतो. चाचणीत यावरचे गुण हमखास मिळतात, त्यामुळे या धड्याकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज ना मुलांना वाटते, ना शिक्षकांना.

पण तोच तक्ता जरा सावकाश वाचा. ३ साठी सगळ्या अंकांची बेरीज करायची आणि शेजारच्या ४ साठी मात्र पुढच्या अंकांकडे ढुंकूनही बघायचे नाही. ५ ला एक अंक पुरतो, ४ ला दोन लागतात, ८ ला तीन. ७ चा तर तक्त्यात पत्ताच नाही. हे असे का? चौकस मुलाला हा प्रश्न पडायलाच हवा. तो पडत नसेल तर मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, तक्त्यानेच प्रश्नाला जागा ठेवलेली नसते. या पुस्तिकेतल्या सगळ्या कृती त्या एका ‘का’साठी आहेत.

‘मोबाइलवर क्षणात भागाकार होतो, मग कसोट्या शिकवायच्या कशाला?’ हा प्रश्न शिक्षकच विचारतात आणि तो रास्त आहे. वेळ वाचवण्यासाठी म्हणून कसोट्या शिकवायच्या असतील तर त्यांचे दिवस संपले, हे सरळ मान्य करावे. माझ्या मते त्यांचे मोल वेगळे आहे. अकरा वर्षांच्या मुलाला ‘हे प्रत्येक संख्येसाठी खरे आहे, आणि का खरे आहे ते मी सांगतो’ असे छाती पुढे काढून म्हणता येईल, अशा जागा शाळेच्या गणितात फार थोड्या आहेत. सिद्धता हा शब्द त्याला पुढे भूमितीत भेटतो, तोही बहुतेकदा पाठ करायची गोष्ट म्हणून. इथे ती त्याच्या हातात येऊ शकते, अगदी शब्दशः हातात, कारण तिला लागतात फक्त काड्या.

ही पुस्तिका ज्या सीमाभागातल्या वर्गांसाठी आहे तिथे काड्यांचा तुटवडा नाही. आळंद तालुक्यातले खजुरी हे कर्नाटकाच्या सीमेवरचे गाव. तालुक्याच्या पलीकडे अक्कलकोट आणि उमरगा, म्हणजे महाराष्ट्र. अक्कलकोट संस्थान वगळता १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) मुंबई राज्यात. रेघ नकाशावर पडली, पण पीक दोन्ही बाजूंना तेच राहिले. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळ बाजारात जाते, तुराट्या मागे राहतात. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, उलटली, तुरीची रास झाली की घरोघरी तुराट्यांच्या मोळ्या रचलेल्या दिसतात. चुलीला, कुडाला, झाडूला त्याच. त्यांचे बोटभर तुकडे केले की पाचवी-सहावीच्या वर्गाचे वर्षभराचे गणिताचे साहित्य तयार होते, फुकट. सरकारी शाळांत ‘गणित कलिका आंदोलना’चे पेटीभर साहित्य गेली काही वर्षे आलेले आहे. त्यातले दशमान ठोकळे याच कामाला चालतात आणि जिथे पेटी आहे तिथे ती उघडावी. (कुलूप लावून जपलेल्या पेट्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.) तरीही सुरुवात तुराट्यांनी करावी असे मी म्हणेन. ठोकळ्यातला दहाचा दांडा फोडता येत नाही. जुडी सोडता येते, आणि या धड्याचा सगळा जीव सोडण्यात आहे.

पहिली कृती थोडी तपशिलाने सांगतो, कारण पुढच्या बहुतेक कृती तिच्यातूनच निघाल्या आहेत. दहा काड्यांची एक जुडी, दोऱ्याने बांधलेली. दहा जुड्यांची एक मोळी. बाकी सुट्या. एका गटासमोर २ मोळ्या, ३ जुड्या आणि ४ सुट्या काड्या ठेवा, म्हणजे २३४. तिघे जण वाटेकरी म्हणून समोर बसतील. नियम एकच: प्रत्येक जुडी स्वतंत्र सोडायची, तिघांना सारखी वाटायची आणि उरेल ते मधल्या फरशीवर ठेवायचे. दुसऱ्या जुडीत मिसळायचे नाही. पहिली जुडी सुटते. तीन, तीन, तीन, एक उरली. दुसरी सुटते, पुन्हा एक. तिसरी सोडण्याआधीच कोणीतरी म्हणते, ‘एकच उरणार.’ मग मोळीची पाळी. मुले मुकाट्याने दहाच्या दहा जुड्या सोडायला बसतात. शिक्षकाने त्यांना बसू द्यावे, घाई करू नये. चार-पाच जुड्या झाल्या की हात मंदावतात आणि हिशेब सुरू होतो: मोळीत दहा जुड्या, प्रत्येकीची एक उरते, म्हणजे दहा उरणार, त्या दहांची पुन्हा एक जुडीच झाली की, तिच्यातलीही एकच उरणार. म्हणजे अख्ख्या मोळीतून उरली एक.

आता फरशीवर काय आहे ते बघा. मोळ्यांमधून आलेल्या २, जुड्यांमधून आलेल्या ३ आणि न सोडलेल्या ४ सुट्या. २३४ चेच अंक काड्यांच्या रूपात जमिनीवर पडले आहेत. अंकांची बेरीज करा असे आपण फळ्यावरून फर्मावत होतो, ती बेरीज म्हणजे फरशीवरच्या या काड्या. त्या नऊ तिघांत वाटल्या जातात, म्हणून २३४ ला ३ ने नि:शेष भाग जातो. २३५ घेतले तर दहा पडतील आणि एक शिल्लक राहील, म्हणजे भागाकार न करता बाकीही कळली. तक्त्यातली कसोटी ‘भाग जातो की नाही’ एवढेच सांगते. फरशी ‘किती उरते’ तेही सांगते, आणि माझ्या मते तीच खरी कसोटी आहे.

वाटेकरी नऊ केले तरी फरशीवर तेवढ्याच काड्या पडतात, म्हणजे ३ आणि ९ च्या कसोट्या दोन नाहीतच, एकच आहे. वाटेकरी चार केले की चित्र पालटते. जुडीतून प्रत्येकाला दोन जाऊन दोन उरतात, मोळीतून मात्र पंचवीस-पंचवीस जाऊन काहीच उरत नाही. पुढच्या अंकांकडे बघायचे नाही, याचे कारण एवढेच. शिवाय मुलांच्या हाती पुस्तकापेक्षा जास्त बारीक नियम लागतो: दशकाची दुप्पट अधिक एकक. ७३६ साठी ६ आणि ६ मिळून १२, भाग जातो. आठ वाटेकऱ्यांना जुडीतून दोन उरतात, मोळीतून चार, हजारातून काही नाही. पाच किंवा दोन वाटेकरी असतील तर जुडीतूनच काही उरत नाही, शेवटचा अंक बघितला की काम संपले. तक्त्यातल्या सहा ओळी म्हणजे एकाच प्रश्नाची सहा उत्तरे आहेत: दहातून किती उरले, शंभरातून किती उरले?

सहाची गंमत मी मुद्दाम वेगळी सांगतो. पुस्तकात ‘२ ने आणि ३ ने भाग जात असेल तर ६ ने जातो’ असे असते, आणि ते बरोबर आहे. पण सहा वाटेकरी बसवा. जुडीतून चार उरतात. मोळीतून? शंभरातून शहाण्णव गेले, पुन्हा चार. हजारातूनही चारच. म्हणजे एकक सोडून बाकीच्या अंकांची बेरीज करायची, तिची चौपट करायची आणि एकक मिळवायचा. २३४ साठी पाच चोक वीस आणि चार, चोवीस. हा नियम शाळेच्या तक्त्यात नसतो. वर्गाने तो स्वतः काढला की त्याला त्या गटाचे नाव द्यावे आणि भिंतीवर लावावा. पाठ्यपुस्तकाबाहेरचा नियम आपण काढला, ही गोष्ट मुले लवकर विसरत नाहीत. जाता जाता एक खड्डाही दाखवावा: ४ ने आणि ६ ने भाग गेला म्हणजे २४ ने जाईलच असे नाही. १२ घेऊन बघा.

नऊच्या कसोटीतून निघालेला लपवलेल्या अंकाचा खेळ पुस्तिकेत पुढे आहे. मुलीने कोणतीही चार अंकी संख्या लिहावी, समजा ५३८२. तिचे अंक उलटेपालटे करून दुसरी लिहावी, २८३५. मोठीतून लहान वजा करावी: २५४७. त्यातला एक अंक झाकावा आणि उरलेले तीन कोणत्याही क्रमाने सांगावेत. ती म्हणाली, ‘सात, दोन, पाच.’ बेरीज चौदा. पुढचा नऊचा पट अठरा. झाकलेला अंक चार. वर्ग अवाक होतो. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी एखाद्या पोराने ० झाकलेला असतो, आणि शिक्षक ० की ९ अशा पेचात सापडतात. अशा वेळी ‘शून्य झाकायचे नाही’ असा नियम आधीच सांगून पेच टाळण्यापेक्षा तो येऊ द्यावा, कारण त्या पोराने खेळाची हद्द शोधली आहे. युक्तीचे कारण मुलांना आता स्वतः सांगता येते. नऊ वाटेकऱ्यांत जुडी असो की मोळी, उरते एकच. मग ५ हा अंक हजारांत बसला काय आणि एककात बसला काय, फरशीवर पाचच काड्या. दोन्ही संख्यांची बाकी सारखी, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते.

ही गोष्ट जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना चांगली माहीत होती. गुणाकाराचा ताळा ते नऊ टाकून पाहत, आणि जमाखर्च जुळला नाही की फरकाला नऊने भाग जातो का ते बघत. जात असेल तर बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ झालेले असतात. उलट, अशी अदलाबदल झाली असेल तर नऊच्या ताळ्याला ती पकडता येत नाही. एकाच हत्याराची ताकद आणि उणीव मुलांना एकाच जागी दिसावी म्हणून हिशेबाची ती कृती खेळाच्या लगेच नंतर ठेवली आहे.

अंकांच्या अदलाबदलीवर आयुष्यभर खेळत राहिलेला मराठी माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत, शाळेत मास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले तर शेवटी ६१७४ येते, हे त्यांनी शोधले. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले, आणि सात पायऱ्यांच्या आत ती संख्या येतेच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. या पुस्तिकेच्या दृष्टीने त्यांचा दुसरा शोध अधिक जवळचा आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. १८ घ्या: एक आणि आठ नऊ, नवाने भाग जातो. २१, २४, २७ याच वर्गातल्या. ६१७४ सुद्धा हर्षदच, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४.

मुलांना यात शिकारीची मजा येते. त्यांनी आपले जन्मवर्ष तपासावे, घरच्यांचे तपासावे. नुकतीच गेलेली चार वर्षे, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५, ही ओळीने हर्षद होती: अनुक्रमे ६, ७, ८ आणि ९ ने भाग जाणारी. २०२१ नव्हते, २०२६ नाही. अशी जास्तीत जास्त किती संख्यांची ओळ सापडेल? १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी या दोन गणितज्ञांनी दाखवले की सलग एकवीस हर्षद संख्या असूच शकत नाहीत, वीस असू शकतात. मुलांना एवढे लांब जायची गरज नाही, ११०, १११, ११२ सापडले तरी पुष्कळ. पण आपण वर्गात खेळतो त्या प्रश्नावर कोणीतरी शोधनिबंध लिहिला आहे, हे त्यांच्या कानावर पडावे.

संख्यांशी असा खेळ कलबुर्गी जिल्ह्याला नवा नाही. सेडम तालुक्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, सुमारे इसवी सन ८५० मध्ये, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. संस्कृतातल्या या ग्रंथात ज्योतिषाची भेसळ नाही, नुसते गणित आहे, आणि त्या काळासाठी हे विशेष. त्यात काही गुणाकार केवळ उत्तराच्या देखणेपणासाठी दिले आहेत, गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी उत्तरे: १३९ गुणिले १०९ बरोबर १५१५१, १५२२०७ गुणिले ७३ बरोबर ११११११११, १२३४५६७९ गुणिले ९ बरोबर १११११११११. हे गुणाकार मुलांकडून हाताने करून घ्यावेत. सहावीतल्या मुलाला शेवटचे उत्तर येताना जे वाटते ते इतर कशाने वाटणार नाही. मग विचारावे: ११११११११ ला ७३ ने भाग जातो हे महावीराचार्यांना आधी कसे सुचले असेल? उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही.

त्याच धाटणीची एक संख्या वर्गात फार काम करते: १००१. मुलाने तीन अंकी संख्या मनात धरावी आणि ती दोनदा जोडून लिहावी. ४१६ असेल तर ४१६४१६. आता ७ ने भागा, नि:शेष जाईल. उत्तराला ११ ने भागा, जाईल. त्या उत्तराला १३ ने भागा. ४१६ परत. वर्गातली चाळीस मुले चाळीस वेगळ्या संख्या घेतात आणि प्रत्येकाची संख्या त्याच्याकडे परत येते. कारण ४१६४१६ म्हणजे ४१६ हजार आणि वर ४१६, म्हणजे ४१६ गुणिले १००१, आणि ७, ११, १३ यांचा गुणाकार १००१. कोण्या तरी मुलीने ४१ घेऊन ४१४१ केले आणि तिचे जमले नाही, तर तिथून पुढचा तास आपोआप उभा राहतो: दोन अंकांसाठी कोणती संख्या लागेल?

अकराची कसोटी मुलांना विचित्र वाटते, एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. काड्यांनी तीही उलगडते, फक्त इथे उधारी येते. अकरा वाटेकऱ्यांना जुडी वाटायला गेले तर एक काडी कमी पडते. दुकानदाराच्या वहीत लिहितात तसे लिहा: एक देणे. मोळीतून नव्याण्णव वाटले की एक शिल्लक, एक येणे. हजार काड्यांत पुन्हा एक कमी, कारण १००१ म्हणजे अकरा गुणिले ९१. म्हणून येणे-देणे आळीपाळीने. २७२८ साठी एकक ८ येणे, दशक २ देणे, शतक ७ येणे, हजार २ देणे. पंधरातून चार गेले, अकरा. भाग जातो. ऋण संख्या अजून शिकवलेल्या नसल्या तरी चालते. उधारी कळते ना, पुरे.

आता थोडे कडू. ‘कृतियुक्त शिक्षण’ हा शब्द शिक्षण खात्याच्या कागदांत इतका फिरला आहे की त्याचा गिलावा उडाला आहे. कर्नाटकात ‘नलि कलि’ ही कृतीतून शिकण्याची पद्धत १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे भागात सुरू झाली आणि पुढे सगळ्या राज्यात गेली. तिने लहान वर्गांचा चेहरा बदलला यात शंका नाही. पण वरच्या वर्गांत कृती म्हणजे बरेचदा सजावट असते. थर्माकोलचे ‘विभाज्यता वृक्ष’, कसोट्यांची रांगोळी, तीनच्या कसोटीचे गाणे, पाहुणे आले की प्रदर्शन. मुलांचा दिवस मजेत जातो, त्याला माझी हरकत नाही. पण त्या झाडावरच्या प्रत्येक पानावर तोच तक्ता लिहिलेला असतो. हात चालले, ‘का’ जागचा हलला नाही. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक कृतीला एक अट घातली आहे: साहित्य बाजूला ठेवल्यावर मुलाला कारण सांगता आले पाहिजे. २३४ च्या काड्या उचलून ठेवा आणि ८ कोटी १२ लाख ३ हजार ४ विचारा. एवढ्या काड्या तालुक्यातही गोळा होणार नाहीत. मुलाने डोळे मिटून ‘प्रत्येक मोळीतून, तिच्या मोळीतून, एक एकच उरणार’ म्हटले तर कृती संपली. त्याला पुन्हा जुड्या बांधायला बसवणे म्हणजे शिक्षा.

सीमेवरच्या वर्गात आणखी एक गोष्ट घडते आणि ती आपल्या फायद्याची आहे. मुलाच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड किंवा दखनी, शेजारच्या तांड्यावर लमाणी. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणताना वीस आधी आणि पाच नंतर. कानावर पडलेली संख्या लिहिताना या मुलांचे अंक इकडचे तिकडे होतात आणि त्यांना बोलणी बसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावून सांगितले, पण बहुतेकांना ते ऐकायचे नव्हते. खजुरीकडच्या मुलाला दोन्ही रीती कानावरच्या आहेत. काड्यांच्या कृतीत संख्या दोन्ही भाषांत मोठ्याने म्हणून घ्यावी. ५ आणि २ च्या कसोटीला मराठी संख्येचे तोंड ऐकायचे, कन्नडचे शेपूट. एकोणतीसला मात्र मराठी दगा देते, तिथे कन्नडचा आधार घ्यावा. आणि २५ चे ५२ लिहिणाऱ्या मुलाला रागावण्याआधी आठवावे की नऊ वाटेकऱ्यांना दोन्हीतून सारख्याच काड्या उरतात.

वर्गाबाहेरच्या कृतींबद्दल दोनच शब्द. रस्त्याच्या कडेला, शिक्षकांसोबत आणि अंतर राखून, वाहनांचे चार अंकी क्रमांक टिपायचे: कलबुर्गीचे केए ३२, बिदरचे केए ३८, सोलापूरचे एमएच १३, धाराशिवचे एमएच २५, सगळे इथून जातात. शंभर क्रमांकांपैकी तीनने भाग जाणारे किती? साधारण तेहतीसच्या आसपास येतात, आणि का येतात यावर चर्चा होते. लीप वर्षाची कृती कॅलेंडर घेऊन करायची. १९०० लीप नव्हते आणि २००० होते, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. बिस्किटाच्या पुड्यावरच्या बारकोडचे तेरा अंकही तपासता येतात. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक तसेच घ्यायचे, दुसरा, चौथा, सहावा तिप्पट करायचे. सगळ्यांच्या बेरजेला १० ने भाग गेलाच पाहिजे. न गेल्यास दुकानातले यंत्र तो पुडा वाचणार नाही. कसोट्या मोबाइलने मोडीत काढल्या म्हणणाऱ्यांना ही कृती दाखवावी.

एक व्यावहारिक सूचना. जिथे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आहेत तिथे जुड्या बांधण्याचे काम तिसरी-चौथीकडे आणि वाटणीचे काम पाचवी-सहावीकडे द्यावे. धाकट्यांचे स्थानमान पक्के होते आणि थोरल्यांना तयार साहित्य मिळते. क्रम मात्र बदलू नये. आधी ५ आणि २, मग ३ आणि ९, मग ४ आणि ८, त्यानंतर ६ आणि ११. अनेक पुस्तके १० पासून सुरू करतात, पण ‘शेवटी शून्य’ हे मुलाला आधीच इतके उघड असते की त्यात शोधायला काही उरत नाही.

राहिला सात. जुडीतून तीन उरतात, मोळीतून दोन, हजारातून सहा. नियम होतो, पण बोजड. म्हणून वेगळी वाट आहे: एकक तोडायचा, त्याची पाचपट उरलेल्या संख्येत मिळवायची. ५३२ साठी ५३ अधिक १०, ६३, भाग जातो. २०१९ मध्ये लंडनमधल्या चिका ओफिली या बारा वर्षांच्या मुलाने ही युक्ती शोधली म्हणून त्याचे जगभर कौतुक झाले. भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेदिक मॅथेमॅटिक्स’मध्येही सातासाठी हाच पाच आहे. आमच्याकडे आधीच होते म्हणून मुलाचे श्रेय काढून घेऊ नये, आणि पुस्तकाच्या नावात वेद आहे म्हणून नियमाला जादा मानही देऊ नये. चिकाने ती युक्ती स्वतः शोधली. तो पाच कुठून येतो हे दोन्हीकडे सारखेच आहे: ४९ ला सातने भाग जातो आणि ४९ पन्नासपेक्षा एकने कमी आहे.

तेराची कसोटी या पुस्तिकेत कुठेही दिलेली नाही, उत्तरांच्या पानावरही नाही. सहावीच्या वर्गाला ३९ ही संख्या फळ्यावर लिहून द्यावी आणि दोन दिवस काही बोलू नये.